चूलबंद आवतण

खपली गहू कांडताना दोन मुसळं एकाच उखळात आलटून पालटून पडतात. एक वर गेलं की दुसरं खाली. ठेका एकदा जमला की कांडणाऱ्या दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. गप्पा चालू असतात, मधूनच एखादी पदरानं घाम पुसते, आणि मुसळं आपली पडत राहतात. त्या आठवड्यात वळसंगला आज्जाच्या, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांच्या, अंगणात अशी चार उखळं मांडली होती. माझ्या सुंद्रामावशीचं लग्न होतं. आम्ही सोलापुरात राहायचो. माझे वडील, दादा, तिथं शाळेत मास्तर होते. आमच्या गल्लीत दिवस उगवायचा तो गिरणीच्या भोंग्यानं आणि सरायचा तो शेजारच्या विणकरांच्या मागांच्या खटखटीत. त्या आवाजांची इतकी सवय झालेली की वळसंगला गेल्यावर पहिले दोन दिवस कान रिकामे वाटायचे. त्या खेपेला मात्र गाडी वेशीतून आत शिरली तेव्हाच मुसळांचा आवाज आला आणि इतका वेळ पेंगत असलेली आई ताठ बसली. "खीर कांडायला लागल्या," ती म्हणाली. तिच्या तोंडावर आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता. हे मला पुढं कळलं.

आमच्याकडं लग्न म्हटलं की गव्हाची खीर. खपली गव्हाला पाण्याचा हात लावून कांडायचं, पाखडून त्याचं साल काढायचं, पुन्हा कांडायचं, आणि मग माणूस आत बसेल एवढ्या कढईत गूळ, सुंठ, बडीशेप, खोबरं घालून पहाटेपासून शिजवत ठेवायचं. एका घरच्या बायकांच्यानं हे होण्यासारखं नसतं, आणि होऊही नये असंच बहुधा कुणा शहाण्या माणसानं ठरवलं असावं. म्हणून सगळा गाव कांडायला येई. भाकरीसाठी घरोघर ज्वारीचं पीठ वाटलं जाई आणि आदल्या दिवशी घराघरातून चळतीच्या चळती फडक्यात बांधून मांडवात येत. कडक, पापडासारख्या. महिनाभर टिकतील अशा. शेंगाची चटणी एका घरी कुटली जाई, आमटीचा मसाला दुसऱ्या घरी भाजला जाई. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि नवरीची करवली होते, म्हणजे हातात कऱ्हा घेऊन तिच्या पाठोपाठ हिंडणं एवढंच माझं काम. त्या चार दिवसांत मला कुणी "शालन" म्हणून हाक मारली नाही, सगळ्यांना मी करवलीच.

कांडताना बायका ओव्या म्हणत आणि ओवीत भावकीतल्या एकेका कर्त्या पुरुषाचं नाव गुंफत. पहिल्या दिवशी दुपारी एक बाई अशीच नावं गुंफत चालली होती. आज्जाचं नाव झालं आणि पुढची ओवी उचलताना ती अडखळली. मुसळं पडत राहिली, ओवी मात्र थांबली. मग उखळावर बसलेल्या माझ्या आईनं, मान वर न करता, पुढची ओवी स्वतः म्हटली आणि तीत तात्यांचं नाव घातलं. पलीकडच्या भिंतीआड तात्यांचं घर होतं. ओवी तिथं ऐकू गेली असणारच.

तात्या म्हणजे आज्जाचे सख्खे धाकटे भाऊ. घरं एकाला एक लागून, मधे एक भिंत, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना चौदा-पंधरा वर्षं एकमेकांचं पाणी कुणी प्यालं नव्हतं. कारण माझ्या आईचं लग्न. तात्यांना एकच मुलगी, गौरा. आईच्या बरोबरीची, दोघी एका ताटात जेवायच्या. आईचं लग्न ठरलं, तारीख निघाली आणि गौराला ताप भरला. आठव्या दिवशी ती गेली. सुतक फिटलं, आणखी आठ दिवस गेले, आणि लग्नाचा दिवस आला. शिकलेला, नोकरीचा मुलगा हातचा जाईल म्हणून आज्जानं लग्न पुढं ढकललं नाही. भिंतीपलीकडं तात्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकी, जमिनीवर पडून होत्या आणि अलीकडं हलगी वाजत होती. एवढंच झालं. शेताचा तुकडा नाही, विहीर नाही, वाटणी नाही. एक हलगी. मला आता वाटतं, वाटणीचं भांडण असतं तर कधीतरी कुणी पंच बसून मिटवलं असतं.

सुंद्रामावशी, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी, त्या साली जन्मलेलीही नव्हती. ती वर्षाची असताना आज्जी वारली आणि तिला अंगाखांद्यावर घेतलं ते काकींनी. तात्या रानात गेले की काकी भिंतीवरून हात करत आणि आज्जा मुकाट्यानं लेक पलीकडं देत. दिवेलागणीच्या आत ती परत. दोन्ही पुरुषांना हे माहीत होतं आणि दोघंही माहीत नसल्यासारखं वागत. त्यामुळं मावशीचं लग्न ठरलं तेव्हा एक अडचण उभी राहिली. कन्यादानाला जोडी लागते. आज्जाला बायको नाही, म्हणजे मान सख्ख्या चुलता-चुलतीचा. आज्जानं लांबच्या भावकीतलं एक जोडपं ठरवून ठेवलं होतं. पण वऱ्हाड मंद्रूपहून आदल्या दिवशी आलं, मारुतीच्या देवळात उतरलं, आणि नवरदेवाच्या वडिलांनी गूळपाणी घेताना सहज विचारलं, "सख्खे चुलते हायत की. मग लांबचं मानूस कशापायी? पोरीत काय खोट हाय का?" आज्जा हसला. मला त्याचं ते हसणं आठवतं. नुसते दात दिसत होते.

आणि मग आवतण. सगळ्या गावाला चूलबंद आवतण होतं. म्हणजे लग्नाच्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर, म्हातारंकोतारं, आलागेला पाहुणा, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. (सगळा गाव असं मी सहज लिहून गेले. गावकुसाबाहेरच्यांनाही आवतण होतं, पण त्यांची पंगत मांडवाबाहेर बाभळीखाली बसायची. आम्हा पोरींना त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. आज ते लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही.) बाकी घरांना आवतण द्यायला न्हावी हिंडला. तात्यांच्या दारात आज्जा स्वतः गेला, कुंकवाची वाटी आणि अक्षता घेऊन. मी त्याच्या मागं होते. तात्या सोप्यात दोरखंड वळत बसले होते. त्यांनी वर बघितलं, पुन्हा दोरखंडाकडं बघितलं.

"उद्या पोरीचं लगीन हाय," आज्जा म्हणाला. "चूलबंद आवतण हाय. जोडीनं या."

"ठिवा तितं," तात्या म्हणाले.

आज्जानं अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या. येताना तो मला म्हणाला, "न्हाय म्हनला न्हाय, ऐकलंस न्हवं?" मी मान डोलावली. अकरा वर्षांच्या मुलीची साक्ष त्याला पुरेशी वाटली यावरून त्याची काय अवस्था असेल ते कळावं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरलं होतं. मांडवामागं तीन दगडी चुलाण्यांवर खिरीच्या कढया रटरटत होत्या. गुळाचा आणि सुंठेचा वास अख्ख्या गल्लीत भरला होता आणि उलथन्यासारखे लांब लाकडी हाते घेऊन चार गडी घामाघूम होऊन खीर घाटत होते. मावशीला हळद लागली होती. पिवळ्या लुगड्यात, हातापायांना हळद, ती पाटावर बसली होती आणि बायका तिची चेष्टा करत होत्या. अशात कुणीतरी बोलायचं थांबलं. मग दुसरी थांबली. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला होत्या. भिंतीपलीकडं तात्यांच्या धाब्यावरच्या धुराड्यातून धूर निघत होता. सगळ्या गावात एकाही घरावर धूर नव्हता, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, आणि त्यात ती एक रेघ सरळ वर चालली होती. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या वऱ्हाडालाही ती दिसत असणार.

आज्जा मांडवाच्या मेढीला हात लावून उभा राहिला. आई कढईपाशी होती, तिच्या हातातली गुळाची ढेप तशीच राहिली. मावशीनं धुराकडं पाहिलं. तिचा चेहरा रडवेला होईल असं मला वाटलं, तसं काही झालं नाही. ती पाटावरून उठली.

"कुटं निघालीस गं?" एक म्हातारी ओरडली. "हळदीचं अंग हाय! मांडवाभायेर पाऊल टाकू नगंस!"

"करवली हाय की संगं," मावशी म्हणाली आणि माझा हात धरला. तिचा तळवा हळदीनं ओला होता. माझ्या मनगटावर तिची पिवळी बोटं उठली, ती दोन दिवस मी पुसली नाहीत. आम्ही दोघी भर उन्हात, सगळ्या गावादेखत, मांडवातून बाहेर पडलो, भिंतीला वळसा घातला आणि तात्यांच्या दारात शिरलो. उंबऱ्यावर अक्षता होत्या तशाच होत्या. मावशीनं त्या ओलांडल्या नाहीत, वाकून गोळा केल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.

आत काकी चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. आम्हाला बघून त्यांचे हात परातीतच थांबले. तात्या भिंतीला टेकून बसले होते. मावशी सरळ जाऊन चुलीपाशी बसली.

"काकी, भाकर दे."

"अगं आज तुजा उपास की!" काकी घाबरून म्हणाल्या. "अक्षता पडल्याबगर नवरीनं खायचं नसतंय."

"चूलबंद आवतण हाय गावाला. तरी ज्या घरात चूल पेटली ते घर आज आमच्यात जेवणार न्हाय. मग मी त्या घरात जेवते. ह्या चुलीवर मी ल्हानाची मोठी झाले. हितलं खाल्ल्याबगर मी त्या मांडवात उभी ऱ्हाणार न्हाय."

तिनं स्वतःच तव्यावरची भाकरी उतरवली, तुकडा मोडला आणि कोरडाच तोंडात घातला. काकींनी तोंडाला पदर लावला.

"वऱ्हाडाला कळलं तर लगीन मोडंल," तात्या म्हणाले. मावशीशी ते उघडपणे बोलले ते हे पहिलंच वाक्य.

"मोडू द्या."

"तुज्याव राग न्हाय माजा."

"मला ठावं हाय, तात्या. पर जेवायला मी बोलावतीया. माजा बाप न्हाय."

तात्या कुणाकडंच न बघता म्हणाले, "त्या दिशी मी कानांत बोटं घालून बसलो हुतो. तरी ऐकू येत हुतं."

तेवढ्यात माझी आई दारात आली. धावत आली होती, हाताला गूळ तसाच. ती उंबऱ्यातच खाली बसली. चौदा वर्षांत ती त्या घरात आली नव्हती. ज्या दोघांच्या ताटात ती लहानपणी जेवली त्यांच्यासमोर ती एखाद्या गुन्हेगारासारखी बसली होती.

"तात्या," ती म्हणाली, "मी बी ऐकत हुते. माज्याच दारात वाजत हुती ती. मला कुणी इचारलं न्हाय. इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं, गौराबगर माजं लगीन नगं मला. माज्या लग्नाची खीर मी खाल्ली न्हाय, तात्या. पानात वाढली हुती, तशीच उठले. त्या दिसापासनं आजवर गव्हाच्या खिरीला मी शिवले न्हाय."

मी आईकडं बघतच राहिले. आमच्या घरी सणाला खीर व्हायची, ती करायची आणि आम्हाला वाढायची. तिच्या ताटात ती नसायची हे मला त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून जेवून मला ते दिसलं नव्हतं. दादांना दिसलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

काकी उठल्या. त्यांनी चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि तांब्यातलं पाणी त्यांवर शिंपडलं. फसफस आवाज झाला, घर वाफेनं भरलं. तात्या त्या वाफेतून उठले आणि म्हणाले, "माजा फेटा कुटं ठिवलायस?"

आम्ही सगळे मिळून बाहेर पडलो. पुढं तात्या, फेटा नीट न बांधलेला, मागं काकी, मग माझी आई, मग नवरी आणि मी. मांडवात माणसं दोन्ही बाजूंना सरकली. आज्जा मेढीपाशीच उभा होता. दोघं भाऊ समोरासमोर आले. आता काय बोलतात म्हणून सगळा गाव कान देऊन उभा. तात्यांनी आज्जाच्या खांद्यावरून पलीकडं कढयांकडं बघितलं.

"जाळ लई झालाय," ते म्हणाले. "खीर बुडाला लागंल."

"मग काड की," आज्जा म्हणाला.

तात्या चुलाण्याशी जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी दोन जळती लाकडं बाहेर ओढली. आज्जानं बाजूला पडलेला हाता उचलला आणि तो खीर घाटायला लागला. बस. त्याउपर त्या दोघांत त्या विषयावर एक अक्षर झालं असेल तर ते मला माहीत नाही. मावशीनं भाकरी खाल्ली हे वऱ्हाडाला कळलं की नाही याची त्या दिवशी मला फार धास्ती होती. कळलं असावं. कारण कन्यादानाला तात्या आणि काकी जोडीनं पाटावर बसले तेव्हा नवरदेवाच्या वडिलांनी स्वतः पुढं होऊन तात्यांचा सुटलेला फेटा बांधला. पाणी सोडताना काकींनी खालून तात्यांचं मनगट धरलं.

अक्षता पडल्या आणि पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, ज्याचा त्यानं घरून आणलेला तांब्या शेजारी. आमटी, वांग्याची भाजी, भाकरी, चटणी, आणि वर खीर, तिच्यात तूप. आई वाढत होती. ती तात्यांच्या पानापाशी आली, वाकली, खीर वाढली. तात्यांनी पानावर हात धरला नाही, घासही उचलला नाही.

"अंबू, बस खाली."

"तात्या, पुरुषांची पंगत हाय."

"बस म्हनतो न्हवं."

आज्जा त्यांच्या शेजारीच बसला होता. तो थोडा बाजूला सरकला. आई त्या दोघांच्या मधे, पुरुषांच्या ओळीत, मांडी घालून बसली. कुणीतरी पळत जाऊन पत्रावळ आणली. तात्यांनी आपल्या द्रोणातली खीर तिच्या पानात ओतली. सगळी पंगत हात आवरून बसली होती, शे-दीडशे माणसं. आईनं घास घेतला. मग तिनं दुसरा घेतला, आणि तिसरा, आणि मग एखाद्या भुकेल्या पोरीसारखी ती भराभर खायला लागली, नाकातून डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती. तेव्हा कुठं पंगत जेवू लागली.

मी कितीतरी लग्नांत जेवले. नातवाच्या लग्नात मला खुर्ची दिली, मांडीवर ताट दिलं, आणि कॅटररचा पांढऱ्या टोपीतला मुलगा चांगल्या मनानं विचारू लागला, "आजी, आणखी काय आणू?" सगळं होतं तिथं, तीन प्रकारचं गोड होतं. पण शेजारचा माणूस थांबलाय म्हणून आपण थांबायचं, आणि तो जेवला म्हणून आपण जेवायचं, हे त्याला कसं आणायला सांगणार? मी त्याला पाणी आणायला सांगितलं. घरी खपली आणून मी खीर पुष्कळदा करून पाहिली आहे. गूळ तोच, सुंठ तीच. एकीच्या हातानं कांडलेली खीर चांगली लागते, एवढंच म्हणता येईल.

त्या लग्नानंतर आज्जा दोन वर्षंच जगला. त्याचे दिवस करून आम्ही सोलापूरला परतलो. माझ्या आईला आई आधीच नव्हती, भाऊ नव्हता, आता बापही गेला. त्या काळी बाईचं माहेर असंच एका माणसाबरोबर संपत असे. पावसाळा आला, पंचमी जवळ आली. गल्लीतल्या बायकांना न्यायला कुणाकुणाचे भाऊ येऊ लागले, आणि आई दुपारी दार लोटून घेऊ लागली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दारात घुंगरं वाजली. दादा शाळेत निघाले होते, टोपी हातात. दारात गाडी होती, धुरेवर तात्या, आणि मागं चटईवर सुंद्रामावशी, मांडीवर तिचं बाळ. तात्या आधी मंद्रूपला गेले होते, तिथून तिला घेऊन वाकडी वाट करत सोलापूरला आले होते. दोन दिवस प्रवासातच गेले होते. ते खाली उतरले नाहीत. बैलांचे कासरे धरून तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "अंबू, आटप. काकी वाट बघतीया. पंचमीला पोरी घरात लागत्यात."

आई चुलीपुढून उठून बाहेर आली. तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई. तिनं ना लुगडं बदललं, ना गाठोडं बांधलं. मावशीनं वरून हात दिला आणि ती चाकावर पाय देऊन गाडीत चढली. मला आणि धाकट्यांना दादांनीच उचलून वर ठेवलं. गाडी वळली. दोघी बहिणी मागच्या बाजूला पाय सोडून बसल्या आणि गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत काहीतरी आठवून खदखदून हसायला लागल्या. दादा दारात टोपी धरून उभे होते, ती वळून बघेल म्हणून. आई त्या दिवशी त्यांच्याकडं वळून बघायचं साफ विसरली.